धुतलेले बस्ते

माझ्या हातून एक कागद जळाला. तो माझा नव्हता. ज्यांचा होता त्यांनी आणि ज्यांच्या ताब्यात होता त्यांनीही मला सांभाळून घेतलं, म्हणून आज मी बी.ए.च्या शेवटच्या वर्गात बसलो आहे. हे कुठंतरी लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि लिहिण्याची मला तशी सवयही नाही. काही मागंपुढं झालं तर वाचणाऱ्यांनी समजून घ्यावं.

कॉलेजचं पहिलं वर्ष संपलं तेव्हा उन्हाळ्यात गावी, बाभुळगावाजवळ, जायचं सोडून मी यवतमाळलाच राहिलो. एका कचेरीत रेकॉर्डचे बस्ते, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, उन्हात वाळवायला लिहितावाचता येणारा माणूस दोन महिन्यांसाठी हवा होता. आमच्या प्राध्यापकांनी मला तिकडं पाठवलं. घरी निरोप धाडला तर बाबांचा उलट निरोप आला, "कचेरीत बसाले मिळून राह्यलं तर गावात कायले येतं? इथं ढेकळंच हायेत." त्यांना वाटलं मी खुर्चीवर बसणार. मी दोन महिने बहुतेक चटईवरच होतो.

त्या खोलीला सगळे नुसतं 'रेकॉर्ड' म्हणत. उंच छत, जाळीच्या खिडक्या आणि भिंतभर सागवानी मांडण्या. मांडण्यांचे पाय दगडी वाट्यांत ठेवलेले असत आणि वाट्यांत पाण्यावर रॉकेलचा थर, म्हणजे मुंग्या चढत नसत. थोड्याच वर्षांत आमच्या जिल्ह्याचं राज्य दोनदा बदललं होतं, त्यामुळं एकाच मांडणीवर मध्यप्रदेशचा शिक्का, मुंबईचा शिक्का आणि महाराष्ट्राचा कोरा करकरीत शिक्का असे शेजारी शेजारी नांदत होते.

या खोलीचे मालक म्हणावेत असे दोघं. रेकॉर्डकीपर होते त्यांना सगळी कचेरी 'बडे बाबू' म्हणायची. कमी बोलणारे, नाकावर चष्मा, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. दुसरे दफ्तरी, म्हणजे रजिस्टरं शिवणारे, फाटकी पानं चिकटवणारे. ते यवतमाळच्याच एका मुसलमान मोहल्ल्यातले, बापजाद्यांपासून पुस्तकं बांधणाऱ्या घरातले. त्यांना मी चाचा म्हणायचो. चिकटवायची खळ ते स्वतः शिजवत आणि तीत मोरचूद टाकत.

"चाचा, हे विष कायले?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"खळ गव्हाच्या पिठाची हाय बेटा. तुह्यासारखे उपाशी लय हायेत इथं, सहा पायाचे."

बस्त्यांची रीत अशी होती. जे कागद कायमचे जपायचे ते तांबड्या खारव्याच्या कापडात, आणि ज्यांची मुदत ठरलेली ते पांढऱ्या मांजरपाटात. प्रत्येक कापडाला एका कोपऱ्यात नंबराची चिठ्ठी शिवलेली. मुदत संपली की पांढरे बस्ते साहेबांच्या सहीनं मागच्या खड्ड्यात जाळायचे. कोणत्या बस्त्यात काय आहे त्याची यादी एका रजिस्टरात आणि कुणी कोणत्या कागदाची नक्कल केव्हा नेली ते दुसऱ्या रजिस्टरात. ही दोन रजिस्टरं मात्र रेकॉर्डमध्ये नसत. बडे बाबू रोज संध्याकाळी ती उचलून अंगणापलीकडच्या इमारतीत, साहेबांच्या लोखंडी कपाटात ठेवून येत. मी हात पुढं केला तरी ती मला उचलू देत नसत. मला ही दगदग वाटायची.

"दोन्ही इथंच ठेवली तर?" मी एकदा विचारलं.

"अन् हे छत पडलं तर?" ते म्हणाले, आणि चालू लागले.

आता माझी चूक सांगतो. मे महिन्यात एका सकाळी चाचा लग्नाला गेलेले आणि बडे बाबू साहेबांकडं बसलेले. मी एकोणीस बस्ते अंगणात सोडले, कागदांचे एकोणीस ढीग चटयांवर मांडले, वर दगड ठेवले. सोडलेली कापडं हातात घेतली तर धुळीनं आणि उंदराच्या मुतानं कडक झालेली. माझी आई दिवाळीच्या आधी घरातलं प्रत्येक फडकं सोड्यात उकळून काढते. कापड असं मळकं ठेवणं मला आळशीपणाचं वाटलं. मनात हेही होतं की बडे बाबू पाहतील आणि म्हणतील, पोट्टा कामाचा आहे. अंगणातल्या पिंपात पाणी भरून, सोडा टाकून मी एकोणीसच्या एकोणीस कापडं एकदम बुडवली.

खारव्याचा रंग सुटतो हे मला ठाऊक नव्हतं. आमच्या घरी खारवा कशाला असणार? पिंपातलं पाणी कुंकवासारखं झालं. मांजरपाट गुलाबी झालं, जुना खारवा फिका पडला, दोन-तीन कापडं तर कोणत्या जातीची तेच कळेना. चिठ्ठ्यांची शाई वाहून गेली होती. ती कापडं मी तशीच उन्हात वाळत घातली.

खरं तर तेव्हाच साहेबांच्या दाराशी जाऊन बडे बाबूंना सांगायला हवं होतं. मी गेलो नाही. मी प्रत्येक ढिगावरचा वरचा कागद वाचला, त्यावरून हा कायमचा, हा मुदतीचा असं ठरवलं, मांडणीवरच्या रिकाम्या जागांचे नंबर त्याच क्रमानं घालून नव्या चिठ्ठ्या लिहिल्या, आणि तांबडं दिसणारं कापड कायमच्याला, फिकं दिसणारं मुदतीच्याला असे बस्ते बांधून जागेवर ठेवले. बडे बाबूंनी संध्याकाळी पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "धुतले वाटते?" मी हो म्हणालो. ते खूश झाले की नाही ते कळलं नाही. पुढच्या आठवड्यात त्यांतले मुदत संपलेले चार बस्ते साहेबांसमोर खड्ड्यात गेले. राख मीच काठीनं ढवळली.

त्यानंतर पाच-सहा दिवसांनी तो माणूस आला. झरीकडच्या रानातल्या एका कोलाम पोडावरचा, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरचा. चाळिशीचा असेल. डोक्याला मुंडासं, पायात काही नाही. आधी पायी आणि मग एस.टी.नं, दोन दिवस काढून तो आला होता. जंगलाची हद्द नव्यानं आखणं चालू होतं आणि हद्दीचे दगड त्याच्या वावराच्या अलीकडं रोवले होते. वावर त्याच्या बापाचं आहे असा एक जुना निकाल होता. त्याची नक्कल पांढरकवड्याच्या पेशीत, म्हणजे सुनावणीत, दाखवली तर वावर राहणार, नाहीतर जंगलात जाणार. पेशीला बारा दिवस होते.

"बाप सांगे का कागद यवतमाळात हाय," तो म्हणाला. "सरकारच्या घरात हाय म्हणे, जाणार कुठं?"

बडे बाबूंनी यादी उघडली, नंबर काढला, मला बस्ता आणायला सांगितला. तांबडा बस्ता. मी सोडला. आत कुणाकुणाच्या रजेचे अर्ज होते. एकावर एक, सगळे रजेचे. फक्त सगळ्यात वर कसल्याशा निकालाचं एक चुकार पान होतं.

मला त्याच क्षणी आठवलं. या मुकदम्याच्या ज्या ढिगाला मी मुदतीचा ठरवलं होतं, त्याच्यावर वरचा कागद अर्जाचा होता. प्रत्येक मुकदमा अर्जापासूनच सुरू होतो, हे मला कुठं माहीत! एकच कागद वाचून मी अख्खा बस्ता आगीत घातला होता.

बडे बाबू दुसऱ्या मांडणीकडं शोधायला गेले. मी चाचांकडं गेलो, ते खळ ढवळत होते, आणि मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी पळी खाली ठेवली.

"वाळवीले सहा महिने लागले असते रे," ते म्हणाले. "तू एका दुपारात केलं."

"चाचा, आता काय करू?"

"मले कायले विचारतं? ज्याले सांगाचं त्याले सांग. चहा येण्याच्या आधी सांग. चहा पेल्यावर आदमी म्हणते, उद्या सांगीन."

मी बडे बाबूंसमोर उभा राहिलो. त्या माणसाला बाहेर जायला सांगावं असं मनात आलं, पण ते बरोबर वाटलं नाही. त्याच्यासमोरच सांगितलं. त्याला पूर्ण कळायला थोडा वेळ लागला. मग त्यानं बडे बाबूंनाच विचारलं, "म्हंजे कागद नाई?"

बडे बाबूंनी चष्मा काढला. "किती धुतले?"

"एकोणीस."

"सगळे सोड. आत्ता."

दुपारपर्यंत आम्ही तिघांनी पंधरा बस्ते कागदागणिक यादीशी ताडून पाहिले आणि जळालेल्या चारांची यादी साहेबांकडच्या यादीशी जुळवली. सतरा बरोबर होते. दोनच अदलाबदल झालेले, त्यातला एक समोर आणि दुसरा खड्ड्यात. बडे बाबू मला रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "जाळण्याच्या आधी मीच उघडून पाहाले पाह्यजे होतं. कापडावर भरोसा ठेवला." त्या दिवसापासून त्यांनी प्रत्येक बस्त्यात बाहेर एक आणि आत एक अशा दोन चिठ्ठ्या ठेवायला सुरुवात केली.

मग त्यांनी नकलांचं रजिस्टर काढलं. एक-एक पान बोटानं खाली सरकत गेलं. मी बाजूला उभा राहून त्यांच्यासोबत प्रत्येक ओळ वाचत होतो. बऱ्याच वर्षांपूर्वीच्या एका पानावर त्यांचं बोट थांबलं. त्या निकालाची एक नक्कल दिलेली होती, त्याच पोडावरच्या दुसऱ्या एका माणसाला. निकाल एकट्याच्या वावराचा नव्हताच, शेजारशेजारच्या दोन वावरांचा होता.

बडे बाबूंनी नाव वाचलं तसा तो माणूस उठलाच. "तो मेला. त्याची बायको हाय. तिच्याकडं मी जात नाई."

"काहून?"

"धुऱ्यावरून," तो म्हणाला, म्हणजे दोन वावरांमधल्या बांधावरून. "आठ वर्सं झाली, बोलणं नाई. तिनं मह्या बैलाले गोटा मारला होता."

"बैल कुठं होता तेव्हा?" चाचांनी विचारलं.

तो जरा घुटमळला. "तिच्या वावरात."

चाचा हसले. बडे बाबू हसले नाहीत. माझ्याकडं बघून म्हणाले, "तू जा याच्यासंगं. तू विचार. त्यानं विचाराचं काम नाई." आणि साहेबांच्या नावानं दोन ओळींचं पत्र लिहून दिलं, की मूळ अभिलेख नष्ट झाल्यामुळं नक्कल मिळाल्यास तिच्यावरून पुन्हा तयार करावयाचा आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही पांढरकवड्यापर्यंत एस.टी.नं गेलो, पुढं एका बैलबंडीवर, आणि शेवटचे चार-पाच कोस पायी. सागाला पान नव्हतं. पायाखाली पाचोळा वाजत होता. तो माणूस पुढं, मी मागं. एका ओढ्याच्या काठी त्यानं झिऱ्यातलं पाणी आधी मला दिलं. ते मी अजून विसरलो नाही. मी त्याचा कागद जाळला होता आणि त्यानं पाणी आधी मला दिलं.

पोडावर पोचलो तर माणसं नव्हती. सगळी तेंदूपत्ता तोडायला गेलेली. एका झोपडीपुढं एक म्हातारी पत्त्याच्या जुड्या बांधत बसली होती. तो माणूस दूर मोहाच्या झाडाखालीच थांबला. ती त्याच्याकडं न पाहता मोठ्यानं म्हणाली, "आज बैल नाई आणला?"

मी तिच्यापुढं बसलो. वाटेत बरंच काही ठरवून आलो होतो, ते सगळं विसरलो. "माय, मी यवतमाळच्या कचेरीतून आलो. मह्या हातून तुमच्या वावराचा कागद जळाला. तुमच्या मालकानं नक्कल नेलती म्हणते. ती असंन तर दाखवा. नसंन तर याचं वावर जाते. अन् हद्द तशीच पुढं गेली तर तुमचंही."

तिनं जुडी बांधून पूर्ण केली. मग विचारलं, "तू किती शिकला?"

"कॉलेजात हाये."

"शिकेल पोट्ट्यानं जाळला, अन् अडाणी बाईले इचाराले आला." ती उठली. आत गेली. मीही दारापर्यंत गेलो. चुलीच्या वर, धुरानं काळ्या झालेल्या वाशाला, वीतभर जाड बांबूचा एक नळा टांगलेला होता. तोही काळाकुट्ट. तिनं तो काढला, लाकडाचं बूच पिळून ओढलं आणि बोटानं आतून गुंडाळी काढली.

कागद चहाच्या रंगाचा झाला होता. पण त्याला एक भोक नव्हतं. एक कोपरा खाल्लेला नव्हता. अक्षर न् अक्षर वाचता येत होतं, खाली शिक्का होता आणि नक्कल करणाऱ्याची सही. आमच्या रेकॉर्डमध्ये पाणी होतं, रॉकेल होतं, कडुलिंबाचा पाला होता, मोरचूद होतं, आणि मी होतो. इथं नुसता रोजच्या चुलीचा धूर होता.

"धुरात किडा येत नाई," ती म्हणाली. "मालक मरताना सांगून गेला, हा खाली उतरवजो नको. नेतो तर ने. पण दुसरा करा अन् हा मले परत आणून दे. तू आणून दे. त्यानं नाई."

झाडाखालून तो म्हणाला, "मले कायले पाह्यजे तिचा!"

"तुले नाई पाह्यजे तर इथं काहून उभा हाये?"

मला वाटतं आठ वर्षांतलं ते त्यांचं पहिलं बोलणं असावं. मग तिनं आम्हा दोघांनाही ज्वारीची आंबील दिली. त्याची वाटी तिनं झाडाखाली नेऊन ठेवली आणि परत आली.

यवतमाळला बडे बाबूंनी स्वतः त्या नकलेवरून नवा कागद लिहिला. मग रुजुवात झाली. मी जुना कागद मोठ्यानं वाचायचा आणि त्यांनी नव्यावरून बोट फिरवत ऐकायचं. वेलांटीसुद्धा सुटू द्यायची नाही. एकदा वाचून झाल्यावर आम्ही जागा बदलल्या, आणि त्यांनी वाचलं, मी बोट फिरवलं. साहेबांची सही झाली. नव्या खारव्यात नवा बस्ता बांधला गेला, आत एक चिठ्ठी, बाहेर एक. पेशीला तीन दिवस असताना त्या माणसाला त्याची नक्कल मिळाली. त्यानं ती मुंडाशाच्या आत घातली आणि वरून पुन्हा मुंडासं बांधलं. जाताना मला म्हणाला, "तिचा कागद लवकर नेऊन देजो, नाहीतर ती मले धरंन."

बडे बाबूंनी साहेबांना काय लिहून दिलं ते मला तेव्हा कळलं नाही. नंतर चाचांनी सांगितलं. अहवालात माझं नावच नव्हतं. 'माझ्या देखरेखीत हयगय झाली' एवढंच होतं, आणि त्यांच्या सर्व्हिस बुकात त्याबद्दल एक शेरा बसला होता. इतक्या वर्षांच्या नोकरीतला पहिला. माझं नाव गेलं असतं तर काम सुटलं असतंच, पण कॉलेजातही बोभाटा झाला असता, आणि मला वाटत नाही मी परत वर्गात गेलो असतो. बाबांनाही काय सांगितलं असतं?

जूनच्या सुरुवातीला मी म्हातारीचा कागद परत द्यायला गेलो. लांबूनच आवाज ऐकू आले. ती आणि तो माणूस वावराच्या धुऱ्यावर उभे राहून भांडत होते. हद्दीचे दगड उपटून ओढ्यापलीकडं नेलेले दिसत होते. पेशीत कागद मान्य झाला होता. दोन्ही वावरं राहिली होती, म्हणून आता धुरा कुठून धरायचा यावर वाद चालला होता.

"त्या कागदात लिवलं असंन," तो म्हणाला. "वाच रे बाबू."

मी वाचला. धुऱ्याचं त्यात काहीच नव्हतं. दोघंही माझ्यावरच नाराज झाले. पण बोलत होते.

निघताना त्या माणसानं मला बांबूचा एक कोरा, हिरवा नळा दिला, बूच बसवलेला. तो मी घरी नेला. आईला सगळी हकीकत सांगितली, कापडं धुतल्याचीसुद्धा. ती आधी हसली, मग म्हणाली, "खारवा येगळाच धुवा लागते, येवढं विचारता नाई आलं?" आणि नळा चुलीवर टांगला. माझा शाळेचा दाखला आणि गुणपत्रिका त्यातच असतात. पुढच्या वर्षी कॉलेजात दाखला द्यायला गेलो तेव्हा खिडकीतल्या कारकुनानं तो नाकाशी धरला आणि विचारलं, "हा काय चुलीत ठेवत होता?" मी म्हटलं, "चुलीत नाही, चुलीच्या वर." त्यानं मान हलवून शिक्का मारला.

बडे बाबू यंदा निवृत्त झाले. त्या दिवशी मी त्यांना भेटायला गेलो. ते चाचांसोबत अंगणात बसले होते. दोन वर्षं जे बोलायला धीर झाला नव्हता ते मी बोललो, की माझ्यामुळं तुमच्या सर्व्हिस बुकात शेरा आला, मला माफ करा.

"एका ओळीचा हाये तो," ते म्हणाले. "तिकडं दोन वावरं हायेत."

चाचांनी मध्येच विचारलं, "त्याईचं भांडण मिटलं काय रे?"

मी सांगितलं की गेल्या हंगामात तिचा कापूस त्याच्या बंडीतून बाजारात गेला, आणि वाटेत दोघं भांडलेच.

"बस्स," बडे बाबू म्हणाले, आणि उठून दोन्ही रजिस्टरं काखेत घेतली. निवृत्तीचा दिवस होता, हार गळ्यातच होते. तरी ते अंगण ओलांडून पलीकडच्या इमारतीकडं निघाले. मी त्यांच्या मागं गेलो आणि एक रजिस्टर त्यांच्याकडून घेतलं. या खेपेला त्यांनी ते मला उचलू दिलं.